मेन स्विचला पाठ लावून

थोरले दीर आमच्या घरातले कर्ते. खाली त्यांचा टॉवेलचा कारखाना, वर आम्ही सगळे. देवापुढं दिवा लागताना घरात खटखट नको, म्हणून दिवेलागणीला ते माग थांबवतात. त्याला माझी ना नाही. पण प्रत्येक मागाजवळ जाऊन बटण बंद करायचा त्यांना कंटाळा. जिन्यातला मेन स्विच खाली ओढायचा की झालं. माग बंद, पंखे बंद, अख्खं घर बंद. आरती झाली की परत वर.

माझ्या मुलीचं काम त्यात बुडालं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून इथं लिहिते. कुणाला दाखवणार नाही.

टॉवेलच्या फोटोत कुठं धागा तुटलाय ते ओळखायला ती तिच्या लॅपटॉपला शिकवत होती. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद. पडद्यावर दोन चौकटी. एकीत ती लिहायची, त्याला एडिटर म्हणतात. दुसरीत प्रोग्रॅम जागा असायचा, विचारलं की लगेच उत्तर द्यायचा. त्या दोन्ही एकमेकींना जोडताना ती रडकुंडीला आली होती. जोडल्या तेव्हा मला हाक मारून दाखवलं. एका ओळीवर थांबून बटण दाबलं की ती ओळ शेजारच्या चौकटीत जायची आणि खाली उत्तर उमटायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण एवढं कळलं. लिहिलेलं फाईलमध्ये राहतं. शिकवलेलं त्या जाग्या चौकटीच्या डोक्यात असतं. शिकवणं पुरं झालं की तेही जपून ठेवता येतं, पण अर्ध्यात वीज गेली तर सगळं पुसलं जातं.

त्या दिवशी सकाळपासून शिकवणं चाललं होतं. संध्याकाळी दिरांनी मेन ओढला. मुलगी काळ्या पडद्याकडं बघत बसली.

"तोंड कशाला पाडतीस?" दीर म्हणाले. "चालू केलं की थांबलं तितनं फुडं चालतंय की. माग बंद केला तर कापड पळून जातंय व्हय?"

"मागाचं तसं असतं, काका. ह्याचं न्हाय."

"मग तुझं मशिनच बोगस हाय."

मागावरचं कापड थांबलं तिथंच ताणलेलं राहतं. जन्म मागात गेलेल्या माणसाला सगळंच तसं वाटणार. पण पोरीनं नीट समजावून सांगितल्यावरही दुसऱ्या दिवशी त्यांनी मेन ओढलाच, ह्याला काय म्हणायचं?

थोरल्या दिरांशी थेट बोलायची आमच्यात रीत नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर ते मुलीला म्हणतात, "तुझ्या आईला सांग." मीही तिच्यामार्फतच बोलते. मुलीचे वडील कामावरून आल्यावर मी त्यांच्या कानावर घातलं. "दादाला मी काय बोलू?" म्हणाले आणि जेवायला बसले. मी भाकरी ताटात वाढली नाही, टाकली.

मग पुण्याच्या एका कंपनीनं मुलीला मुलाखतीसाठी नेमकी संध्याकाळची वेळ दिली. तिचा पडदा त्यांना तिकडं दिसणार होता आणि तिनं त्यांच्यासमोर एकेक ओळ चालवून दाखवायची होती. मध्येच बंद पडलं तर परत कोण बोलावतंय? तिनं काकांना आधीच सांगून ठेवलं.

"बघू की," ते म्हणाले.

मी बघत बसले नाही. दिवेलागण झाली तशी जिन्यात जाऊन मेन स्विचला पाठ लावून उभी राहिले. दीर आले आणि थबकले. मुलगी आत पुण्याशी बोलत होती, तेव्हा निरोप द्यायला मध्ये कुणी नव्हतं. ते भिंतीकडं बघून बोलायला लागले.

"कुणीतरी सांगा, बाजूला व्हा म्हणावं. दिव्याची वेळ झाली."

मी हलले नाही.

"आता बायका जिन्यात पहारा देणार व्हय."

"परत्येक मागाला बटण हाय, दादा," मी म्हणाले. "तितं जाऊन बंद करा. हितं हात लावायचा न्हाय."

"लई तोंड फुटलं की."

"फुटलं. जावा खाली."

ते गेले. एकेक माग गप्प होत गेला, तसा आतून मुलीचा आवाज ऐकू यायला लागला. कुठली ओळ कशासाठी, ते ती न अडखळता सांगत होती.

तिला काम मिळालं. दीर आता गल्लीत सांगतात, "पोरीची मुलाखत होती तवा मी स्वता खाली जाऊन एकेक माग बंद केला." लोक माना डोलावतात. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत असते. बादली आपटते. ते वर बघतात, आणि मी पूर्वीसारखी आत जात नाही.