दुसऱ्याचं नाक

सीवूड्स स्टेशनबाहेर संध्याकाळी ती हातगाडीवर गॅसचं ग्रिल मांडून सुरमई भाजते. नाव मी कधी विचारलं नाही. तिचे हात क्षणभरही स्वस्थ नसतात. नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघणार, झाकण उघडं ठेवूनच ग्रिल पेटवणार, मधेच खालच्या ट्रेमधलं तेल पुसणार. वर प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच प्रश्न, “गॅसचा वास येतोय का?”

पोटात कावळे ओरडत असताना असली चौकशी कोणाला हवी? एकदा मी चिडलोच. “मावशी, तुम्हीच घ्या ना वास!”

“माजं नाक करोनात गेलं, दादा. परत आलंच नाय,” नळी चाचपत ती म्हणाली. “फेस डोल्यांना दिसतो. वासाला मानूस लागतो.”

परवा तिने नुकताच सिलिंडर बदलला होता. तिने विचारलं, मी सवयीने “नाही” म्हणालो आणि सटासट शिंकलो. तिने माझ्या लाल नाकाकडे पाहिलं, रेग्युलेटर बंद केला आणि लायटर कमरेला खोचला.

“थांबा आता. कोन तरी येऊ दे.”

भुकेने जीव कासावीस झाला होता, तरी ‘पेटवा’ म्हणायची माझी छाती होईना. ती येरझाऱ्या घालत होती. मीही घालू लागलो. जो तो घाईघाईने पुढे जात होता.

शेवटी एकजण थांबला. “दोन सुरमई द्या.”

तिने रेग्युलेटर उघडला आणि आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, “वास येतोय का?”