तिच्या तोंडी घातलेलं वाक्य

बिशप झालं की माणसाला बसायला मऊ खुर्ची मिळते, असा लोकांचा एक समज आहे. या बिशपांना मिळाली ती बसची खिडकी. ख्रिस्ती धर्मातल्या ल्यूथरन पंथाच्या त्रेचाळीस मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्चं, त्यांच्या देखरेखीखाली, आणि त्यातल्या निम्म्या अशा ठिकाणी की जिथे दिवसातून एकच बस जाते आणि तीच परत येते. चौदा वर्षं पायाला भिंगरी. आता वय एकसष्ट, कमरेला पट्टा, बॅगेत एक झगा, एक टॉवेल आणि गोळ्यांची डबी. त्या मंडळ्यांचे धर्मगुरू, म्हणजे हाताखालचे पाळक, त्यांना पाठीमागे 'फिरते साहेब' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यात खोटं काय आहे, असंही वाटे.

या फिरतीतून ते दर महिन्याला पंथाच्या मासिकात एक पत्र लिहीत. टायर पंक्चर झाला की त्यातून धीर शिकवायचा, तिकिटाच्या रांगेतून नम्रता. लोक ती पत्रं कापून जपून ठेवत. पण गेलं वर्षभर त्यांना पंक्चरमध्ये नुसतं पंक्चर दिसत होतं. प्रार्थना म्हणायची, आशीर्वाद द्यायचा, हात मिळवायचे, की पुढची बस. देवाचं वचन दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडावं लागतं, आपलं आपल्याला सांगून भागत नाही, हे त्यांनी किती होतकरू पाळकांना शिकवलं असेल. आता त्यांच्याच कानावर ते घालायला कुणी नव्हतं, कारण जातील तिथे उपदेश यांनाच करावा लागे.

म्हणून त्यांनी एका लहानशा मंडळीच्या पाळकाला कळवलं, "रविवारी येतोय. उपदेश तुम्ही करा. मी मागच्या बाकावर बसून ऐकणार." तिथेही काही मिळालं नाही तर राजीनामा द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पाळक तिशीतला. डोळे तांबारलेले, एका गालावर दाढीचा पट्टा तसाच राहून गेलेला. उपदेशाची वेळ झाली तसा त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आज माझ्याकडे माझं असं काही नाही," तो म्हणाला. "म्हणून बिशपसाहेबांचंच बारा वर्षांपूर्वीचं पत्र वाचतो."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! इतक्या लांब पोहरा घेऊन यावं आणि आड आपलाच निघावा, याचं बिशपांना हसूच आलं. ते फार टिकलं नाही.

"'माझी पत्नी दवाखान्यात होती,'" पाळक वाचत होता. "'दुसऱ्या दिवशी तिचं गाठीचं ऑपरेशन. आणि मला दूरच्या एका मंडळीत जायचं होतं. ती म्हणाली, तुम्ही जा. लोक वाट बघतायत. माझ्याजवळ देव आहे.'"

शेजारच्या बाईंनी पदराने डोळे टिपले. बिशपांना बाकाखाली शिरावंसं वाटलं. त्या दिवशी बायकोने त्यांचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "आजचा दिवस थांबा ना." देव जवळ आहे, हे यांनीच तिला ऐकवलं होतं, पायात बूट घालता घालता. ऑपरेशनच्या कागदावर तिच्या भावाने सही केली. आणि पाचव्या दिवशी, परतीच्या बसमध्ये, यांनी आपलं वाक्य तिच्या तोंडी घातलं. त्याशिवाय पत्राला शोभा येत नव्हती.

उपासना संपली. आतल्या खोलीत पाळक घाईघाईने झगा काढत होता. टेबलावर हेल्मेट तयार होतं.

"तुम्ही चहा घ्या, साहेब. मला निघायला हवं. दुपारी अजून दोन गावांत उपासना आहे."

"घरचे कुठे आहेत?"

"बायको दवाखान्यात आहे. आठवा महिना, रक्तदाब चढलाय. डॉक्टर म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर मूल काढावं लागेल." त्याने मोटरसायकलची किल्ली शोधत खिसे चाचपले. "थांबा म्हणत होती. मग काल तिला तुमचं हे पत्र वाचून दाखवलं."

"मग?"

"भिंतीकडे तोंड करून झोपली."

बिशप खुर्चीत बसले ते धप्पकन. "माझी बायको जा म्हणाली नव्हती," ते म्हणाले. "थांबा म्हणाली होती. ते वाक्य माझं आहे."

पाळकाला आधी कळेना. कळलं तसा त्याचा चेहरा उतरला. "साहेब, सहा वर्षं मी या पत्रावर पाळकपण केलंय. आईच्या शेवटच्या दिवसातसुद्धा मी फिरतीवर होतो."

बिशपांनी टेबलावरचं हेल्मेट त्याच्या पुढ्यात सरकवलं. "दवाखान्यात जा," ते म्हणाले. "दोन्ही गावं मी करतो. आणि जमलं तर मला देवाच्या क्षमेचं वचन सांगून जा. मला ते स्वतःला सांगता येत नाही."

पाळकाने हेल्मेट उचललं. "सांगेन. पाळक म्हणून तो माझा अधिकारच आहे. पण आधी घरी फोन करा." आणि तो निघून गेला.

बिशपांनी फोन लावला. आधी त्यांनी आडवळणाने सांगायला घेतलं, मग कंटाळले, आणि सरळ सांगून टाकलं: पत्रात तुझ्या नावावर जे लिहिलं ते खोटं होतं.

"माहीत आहे," बायको म्हणाली. "छापण्याआधी मीच वाचलं होतं की. तुमची सगळीच पत्रं मी तपासून देत होते ना तेव्हा? टाके ओले होते, पडल्या पडल्या तपासलं."

"अगं, मग खोडलं का नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही खोडाल."

बारा वर्षं. बिशप रडू लागले. तिने रडू दिलं. घाई केली नाही.

"आज येताय ना जेवायला?" मग तिने विचारलं.

"अगं, ते पाळक... त्यांची दोन गावं मी घेतली. त्यांना बायकोजवळ पाठवलं. तू ये म्हणालीस तर नाही जाणार. खरंच नाही जाणार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जा," ती म्हणाली. "या वेळी मी म्हणतेय, जा. फक्त हे लिहू नका."