बेडकांची सोयरीक

"सर, हा बेडूक दोन्हीकडचा आहे," माझी विद्यार्थिनी प्रणाली म्हणाली. मी खुर्चीवरून अशी उडी मारली की ती कुठल्याच बेडकाला जमली नसती.

बैहरच्या घाटाखाली, तलावाकाठच्या एका गावात आमचा कॅम्प होता. मी उत्क्रांतीचा अभ्यासक, म्हणजे एका प्राण्याचे दोन कसे होतात ते बघण्याचा पगार घेणारा माणूस. कृती सोपी. एक जात घ्या, मधे डोंगर टाका, वाट बघा. इकडचे तिकडे जात नाहीत. हळूहळू आवाज बदलतो, आवड बदलते. पुढे समोरासमोर आले तरी जोडी जमत नाही. झाली नवी प्रजाती!

आमचा घाटावरचा बेडूक 'टुक-टुक' करायचा, खालचा 'टर्रर्र'. स्पीकरवर टुक-टुक लावलं की खालच्या माद्या पाठ फिरवायच्या. स्थळ नापसंत. मधला डोंगर तर असा तापायचा की बेडकाचा अर्ध्या वाटेत पापड व्हावा. डोंगराने दोन जाती वेगळ्या केल्या, यावर प्रणालीचा पीएचडीचा अख्खा थीसिस उभा होता. फेलोशिप संपत आलेली. लांजीहून आईचा रोज फोन, "माय, तुही बेंडकं कधी संपतीन वं?"

आणि आता खालच्या तलावात 'टुक-टर्रर्र' गाणारी प्रजा निघाली. डीएनए रिपोर्टही तेच सांगत होता. प्रत्येक बेडकात थोडा वरचा, थोडा खालचा. एखाददुसरा नाही, अख्खा तलावच बाटलेला!

आमच्या विभागाच्या हेड मॅडमना फोन लावला.

"ट्यूब्स मिक्स झाल्या असतील."

"पुन्हा करून पाहिलं, मॅडम."

"मग बेडूक घाट उतरला कसा? बसने?"

प्रणाली पुन्हा रिपोर्ट चाळायला लागली.

तेवढ्यात सरपंच रहांगडाले काका दारात. नवं धोतर, कपाळाला टिळा.

"चाला डॉक्टरसाहेब, लगन हाय."

"कोणाचं?"

"बेंडकाचं. पावसाचं पाणी नाही येऊन राह्यलं न! आपण पोरीकडचे. वऱ्हाड घाटावरून येऊन राह्यलं. नवरदेव नर हाय का नाही, तेवढं पाहून द्या. मांगच्या साली दोन्ही बायाच निघाल्या, एक शितोडा पडला नाही."

"घाटावरून? कशाला?"

"आता घ्या! आपल्या तलावातले समदे भाऊ-बहीण नाही का जी? सोयरीक बाहेरगावचीच पाह्यजे."

बँड वाजत आला. एका मावशीच्या डोक्यावर मडकं होतं. तिने झाकण काढलं. आत बेडूक खच्चून भरलेले, सगळे टुक-टुकवाले.

"एवढे नवरदेव?"

"नवरदेव एकच. बाकीचं वऱ्हाड. एकटा पोरगा पाठवते का कोणी?" मावशी म्हणाली.

"आणि लग्न झाल्यावर?"

"सोडतो तलावात. घरजवाई."

मी होतो तिथेच मांडी घातली. स्पीकरसमोर नाक मुरडणाऱ्या माद्या तलावात मात्र सुखाने नांदत होत्या!

"कधीपासून चालते हे?" प्रणालीने विचारलं.

"माह्या आज्याच्या आंधीपासून," काका म्हणाले.

मी हात जोडले. "काका, यंदा नका सोडू. पोरीचा थीसिस बुडेल."

काकांनी खरंच विचार केला. "पाणी नाही आलं, तं थीसिस पेरू का जी?"

मी नवरदेव उचलून पाहिला. नर होता. तसं जाहीर केलं, बँडवाल्यांनी दणका दिला.

पंगतीत प्रणाली ताटावरून उठली. मला वाटलं, आता पोरगी रडणार. ती सरळ त्या मावशीकडे गेली.

"मावशी, तुमची सोयरीकच नाही, असं एखादं गाव हाय का खाली?"

"हाय न! थे टेकडीमांगचं. त्याईनं आमच्या वरातीले साधं पाणी नाही विचारलं. तवापासून ना पोरगी देत, ना बेंडूक."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथे. तलाव निव्वळ टर्रर्र! डीएनएही चोख.

थीसिस नव्याने लिहिला गेला. डोंगर तोच, खाली दोन तलाव, एक सोयरिकीचा, एक भांडणाचा. आम्ही योजलेलं नव्या प्रजातीचं नाव मात्र मॅडमनी खोडलं. वरातींमुळे दोन जाती होता होता राहिल्या होत्या. प्रणाली डॉक्टर झाली.

नवी प्रजाती घडायला नुसता डोंगर पुरत नाही, हे मी तेव्हापासून वर्गात सांगतो. दोन गावांचं वाकडंही असावं लागतं.