बर्फ मी घातला होता

माझी बायको कौसा गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली चहा आणायला गेलो होतो. वर आलो तर सिस्टरनं कपच हातातून घेतला, तेव्हाच समजलं. त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे थांबले, घर गप झालं... मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाय. पण एक गोष्ट लिहून टाकल्याशिवाय मला बसवत नाय.

कौसा शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमधी तीस वर्षं कामाला होती. नळ्या उचलायच्या, लावायच्या, काचा धुवायच्या. पद शिपायाचं, पण तिथं फेलोशिपला येणारी पोरं तिच्याकडून शिकून जायची. हे लोक आधीच डॉक्टरकी नायतर पीएच.डी. करून आलेले, अन् वर आणखी दोन वर्षं रक्तातले आकडे तपासायला शिकतात. दौलताबादकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली सविता अशीच आली. कौसानं तिला एकदा जेवायला आणलं तेव्हा मी म्हणालो, "एवढं शिकून अजून शिकायलीस? मंग मी चौथीतच थांबलो ते काय वाईट केलं?" ती हसून म्हणाली, "काका, मशीन आकडा देते. तो खरा की खोटा हे मावशी शिकवतात." कौसा भाकरी थापत बोलली, "मशीनला काय विचारती? नळी कुठून आली, कशात आली, किती येळ उन्हात व्हती, ते इचार."

रिटायर झाल्यावर आम्ही चितेगावला राहायला आलो अन् तिच्या किडन्या बिघडल्या. दर आठवड्याला सिस्टर घरी येऊन रक्त काढायची अन् मी नळी घेऊन सविताच्या लॅबला जायचो. बर्फ लावायचा नाय, हे कौसानं मला शंभरदा सांगितलं असेल. मी आयुष्यभर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढल्या. बर्फात कायबी नासत नाय, हे मला दुसऱ्यानं शिकवायचं व्हय? त्या दिवशी ऊन लई होतं अन् लॅबला जायच्या आधी मला बँकेत काम होतं. मी थर्मासात बर्फ भरला, नळी त्यात खुपसली. दोन-अडीच तासांनी लॅबच्या खिडकीजवळ नळी काढली, धोतराला पुसली अन् दिली.

घरी पोचलो नाय तर सविताचा फोन. "काका, मावशींचं पोटॅशियम लई वाढलंय. हृदय बंद पडू शकतं एवढं. नळी बर्फात तर नव्हती ना?"

"नाय. साध्या पिशवीत व्हती."

मी खोटं बोललो. बायको बोलंल म्हणून... दुसरं कारण नाय.

असा आकडा आला की लॅबनं लगेच डॉक्टरला कळवायचं असतं. तिनं कळवलं. कौसाला गाडीत घालून त्याच दवाखान्यात नेलं, पोटॅशियम उतरवायची सुई तयार झाली. सविता धावत खाली आली. कौसानं आधी विचारलं, "छातीची पट्टी, ईसीजी, कशी हाय?" पट्टी चांगली होती, म्हणजे हृदय ठीक अन् खोट आकड्यातच. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या काखेत पिशवी, पिशवीत थर्मास. तिला सगळं कळलं.

"थांब, सविता," ती म्हणाली. "पिशवी मीच भरून दिली. बर्फ मीच घातला. यांना ठाऊक बी नाय."

"मावशी, तुम्ही? तुम्हीच तर आम्हाला..."

"इसरले गं. म्हातारी झाले."

रक्त पुन्हा काढलं. आकडा बरोबर निघाला. बर्फात रक्तपेशींमधलं पोटॅशियम बाहेर सांडतं अन् माणूस ठीक असून आकडा वाढतो, हे मला तेव्हा समजलं. गाडीत मी म्हणालो, "कौसे, असं का केलंस?" ती खिडकीबाहेर बघत बोलली, "तुमचा त्या पोरीसमोर पानउतारा झालेला मला चालला नसता." अन् मी गप बसलो. पुढचे आठ महिने, ती जाईस्तोवर बी गपच बसलो.

सविता आता तिथंच नव्या फेलोंना शिकवते. दहाव्याला आली तेव्हा रडत म्हणाली, "काका, मी नव्या पोरांना मावशींचं उदाहरण देते. तीस वर्षं काम केलेलं माणूसही विसरतं, म्हणून विचारायचंच." तिनं मानानंच सांगितलं. मी मात्र ताट बाजूला सारलं. जी बाई तीस वर्षांत चुकली नाय, तिची चूक पोरांना शिकवली जातेय, अन् ती चूक माझी.

गेल्या सोमवारी लॅबला गेलो. सविताला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी नुसत्या तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. खात्रीसाठी दुसरी नळी मागवायला हवी होती." मी म्हणालो, "ते तुझं तू बघ. तिचं नाव तेवढं नीट कर."

तिनं चार नवी पोरं बोलावली. खिडकीजवळ एक लाकडी स्टूल होतं, त्याच्या एका पायाला कापडी पट्टी गुंडाळलेली. गाठ कौसाची, मी ओळखली; ती यावरच बसायची. सविता म्हणाली, "बसा काका, तुम्हीच सांगा."

मी बसलो नाय. उभ्यानंच सांगितलं.