बाईंनी न घेतलेली नावं

आमच्या घराण्याचा पहिला माणूस वर्धा नदी ओलांडून इकडे आला. संग बायको, एक बैलजोडी आणि एक कुऱ्हाड. कारंज्याच्या अलीकडे तेव्हा नुसतं रान होतं, पळस आणि साग. ते तोडून त्यानं पहिलं वावर काढलं, पहिली विहीर खणली, मग दुसरी घरं आली आणि गाव झालं. एवढं गावात कोणालाही विचारा, सांगेल. पोळ्याला आमचे बैल तोरणाखालून सगळ्यात आधी निघत ते त्याच्यामुळेच. पण त्याचं नाव काय, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहत.

पूर्वी म्हणे भाट येई. दर काही वर्षांनी यायचा, ओसरीवर बसायचा, वही उघडून बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव वाचून दाखवायचा आणि नव्या लेकराचं नाव लिहून न्यायचा. शेवटचा आला तेव्हा माझे घरधनी पाळण्यात होते. मग त्याचं येणं थांबलं. पुढं कुठूनतरी कळलं की त्याच्या वहीला वाळवी लागली. झालं, संपलं. सरकारी कागदावर सासऱ्यांचं नाव आणि त्यांच्या बापाचं, त्यामागं काही नाही.

मी सत्तरच्या सालानंतर सून होऊन या घरात आले. सासरे आधीच वारलेले. घरात सासू, माझे घरधनी आणि मी. सासूला आम्ही ‘बाई’ म्हणत असू. माझे भासरे, म्हणजे घरधन्यांचे मोठे भाऊ, सेलूकडे शाळेत मास्तर होते. त्यांची बायको बाळंतपणात गेली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. सुटीत यायचे, येताना बाईंसाठी तपकीर आणि माझ्यासाठी जुनी मासिकं आणायचे. मी जे काही वाचायला शिकले ते त्या मासिकांवर. पण आमचं बोलणं कधी समोरासमोर झालं नाही. भासऱ्यांपुढं पदर डोईवरून खाली, आणि बोलायचं ते दाराआडून. ते ओसरीवर, मी सैपाकघरात, मध्ये चौकट.

मग त्यांना छातीचं दुखणं लागलं. दवाखाने झाले, औषधं झाली. शेवटी नोकरी सोडून घरी आले ते खाटेवरच. एक दिवस घरधन्यांना म्हणाले, मी चौकटीशी तांदूळ निवडत होते, ऐकलं मी, म्हणाले, “माह्यानंतर माह्यं नाव पुढं कोनी लिहिनार नाई. मागचे तं लिहून ठेवतो.”

एवढीच त्यांची इच्छा. पहिल्या माणसापासून स्वतःपर्यंत सगळी नावं एका कागदावर उतरवायची, आणि आमच्या जुन्या वावराच्या बांधावर जो शेंदराचा दगड आहे त्याच्या बाजूला दुसरा दगड उभा करून त्यावर कोरायची. डॉक्टरनं किती दिवस दिले होते ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण घाई दिसत होती.

सरकारी कागदाच्या मागची नावं कोणाला ठाऊक? फक्त बाईंना. हे जरा समजावून सांगावं लागेल, कारण आताच्या मुलींना हसू येईल. त्या काळी सून घरात आली की घरची लेक, म्हणजे तिची नणंद नाहीतर आतेसासू, तिला एकदा बाजूला घेई आणि सासरच्या वडिलधाऱ्यांची सगळी नावं कानात सांगे. कशासाठी, तर ती कधी तोंडातून निघू नयेत म्हणून. नवऱ्याचं घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, आजेसासऱ्याचं नाही, मेलेल्याचं तर नाहीच नाही. सासू सांगू शकत नसे, तिच्याही तोंडाला तोच बंद. लेकीला मात्र बंधन नाही, ती आपल्या बापाआज्याचं नाव घेऊ शकते. बाई नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा आतेसासूनं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते जन्मभर न बोलून सांभाळलं. मला कोणी सांगितलं नाही. मला नणंद नव्हती.

भासऱ्यांनी बाईंना विचारलं. गोडीत विचारलं, रागानं विचारलं, आजाराचं निमित्त सांगून विचारलं. बाई म्हणाल्या की तुझ्यासाठी जीव देईन, पण तोंड बाटवणार नाही. लिहून द्यायला त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यावर माझे घरधनी वैतागून म्हणाले की हिच्या पोटात अख्खं गाव आहे आणि बाहेर काढायला दाई मिळत नाही. भासरे हसले तर खोकल्याची उबळ आली.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. बाई काही शब्दच बोलत नसत. नाव घ्यायचं नाही म्हणजे नावासारखा शब्दही नाही. सासऱ्यांचं नाव ज्या झाडावरून, त्या झाडाला त्या ‘अंगणातली’ म्हणत. ‘अंगणातलीले पानी घाल वं.’ आठवड्याच्या एका वाराला त्या ‘महादेवाचा वार’ म्हणत, कधी त्याचं खरं नाव नाही. महिन्यातल्या एका तिथीला ‘भरला चांद’. मी नवी आले तेव्हा मला वाटलं होतं, बाईंची बोलीच तशी. आता उमगलं की ती नावंच होती, उलटी लपवलेली. तुम्ही ओळखाल. मी इथं लिहीत नाही, माझेही ते सासरेच लागतात.

मी चौकटीआडून भासऱ्यांना हळूच म्हटलं, “बाई अंगनातली म्हनतात, ते पाहा.” मग कागदावर पेन्सिल चाललेली ऐकू आली.

त्या वर्षीची अक्षयतृतीया आली. आमच्याकडं त्या दिवशी पितरांना जेवायला वाढतात. पळसाची पानं, त्यावर पुरणपोळी, कुरडई, चिंचेचं सार, आणि कोपऱ्यात नवी घागर भरून ठेवायची. बाईंनी भिंतीपासून तीन पानं ओळीनं मांडली. मी वाढता वाढता भोळेपणानं विचारत गेले, हे कोणाचं, हे कोणाचं. बाई सांगत गेल्या. हे अंगणातलीवाल्यांचं. त्याच्या वरचं महादेवाच्या वाराचं. त्याच्या वरचं भरल्या चांदाचं. क्रमही लागला, नावंही लागली. सरकारी कागदावरची दोन नावं जुळली, त्यामागचे पणजेही सापडले. उरला फक्त पहिला माणूस.

आणि उंबऱ्याजवळ, ओळीपासून दूर, बाईंनी एक चौथं पान मांडलं होतं. लहानसं, तळहाताएवढं. त्यावर पोळीचा तुकडा आणि गुळाचा खडा. ते कोणाचं विचारलं तर म्हणाल्या, “वाढ चुपचाप.”

भासऱ्यांनी ठरवलं की तेच पहिल्या माणसाचं. तो परक्या मुलुखातून आला, उपाशीतापाशी राहिला, म्हणून त्याला थोडंच वाढत असतील. पान दूर, कारण तो दुरून आला. आता मास्तर माणूस, त्यांनी एकदा ठरवलं की त्याला कारणं आपोआप जमत गेली. पण नाव? नाव मी शोधलं. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण चूक माझी. बाई चिमणीला चिमणी म्हणत नसत. अंगणात दाणे टिपायला यायच्या त्यांना ‘दाणेखाऊ’, आणि रॉकेलच्या चिमणीला ‘दिवटी’. मी कितीदा मुद्दाम विचारून पाहिलं. दिवटीच म्हणायच्या. मी चौकटीआडून भासऱ्यांना सांगितलं. तसं पुरुषाचं नाव आमच्या भागात असतंच. भासऱ्यांनी त्या शब्दाला पुरुषी केलं, मागं मानाचा ‘जी’ लावला आणि कागदाच्या सगळ्यात वर लिहिलं. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. मला इतका आनंद झाला होता की मी चुलीपाशी एकटीच हसत होते.

वर्षभरात दगड तयार झाला. तळेगावच्या बाजारात एक पाथरवट बसायचा, त्याच्याकडून काळा दगड घडवून घेतला. पुढच्या अक्षयतृतीयेला बांधावर उभा केला. गावातले पंधरावीस लोक आले. भासऱ्यांना बैलगाडीतून नेलं. ते गाडीतच उशीला टेकून बसले आणि कागद हातात घेऊन वरून खाली वाचायला लागले. बाई मोहाच्या झाडाखाली पाठ करून बसल्या होत्या, सासऱ्याआजेसासऱ्यांची नावं कानावर पडणार म्हणून.

पहिलं नाव वाचलं तशा त्या वळल्या. मग उठून चालत गाडीपाशी आल्या. लोकांना वाटलं, पोराच्या तब्येतीची काळजी.

“वरचं काय वाचलं तू?” त्यांनी विचारलं.

भासऱ्यांनी पुन्हा वाचलं.

“तो मानूस नोहे,” बाई म्हणाल्या. “ते तुही बहीन होय. तुह्याहून मोठी.”

भासरे म्हणाले, “मोठा तं मी आहो ना.”

“मी तुले नावानं हाक मारतो का नाई? मोठ्या लेकराचं नाव माय घेते काय रे? एवढा मास्तर झाला अन् हे समजलं नाई तुले?”

खरंच. आमच्याकडं आईबाप पहिल्या लेकराचं नाव घेत नाहीत, बाळ्या म्हणतील, मोठ्या म्हणतील. आणि बाई भासऱ्यांना पूर्ण नावानं हाक मारायच्या, वावरापर्यंत ऐकू जाईल अशी. मी इतकी वर्षं ऐकत होते. गाव ऐकत होतं. बाईंच्या न बोलण्यावर मी इतका कान लावला, आणि त्या जे रोज मोठ्यानं बोलत ते कधी ऐकलंच नाही.

मुलगी दोन वर्षांची होऊन गेली. ताप आला आणि तीन दिवसांत गेली. भासरे तेव्हा पोटात होते. आईनं नाव घ्यायचं नाही, म्हणून घेतलं नाही. आणि आई घेत नाही म्हटल्यावर दुसरं कोण घेणार? तिचं नाव घरात राहिलं नाही, मग ती पण राहिली नाही. फक्त उंबऱ्याजवळच्या त्या लहान पानावर राहिली.

बाई दगडाजवळ जाऊन बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मला म्हणाल्या, दाखव कुठं आहे. मी त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं आणि विचारलं हे शेवटचं काय. मी म्हटलं, जी.

“तिले जी कोनं लावलं?” त्या म्हणाल्या. “दोन वर्साची होती ते.”

लावलं भासऱ्यांनी, पण शब्द मी पुरवला होता. मग पाठीमागून गाडीतून भासऱ्यांनी विचारलं, मग पहिल्याचं नाव काय? बाई म्हणाल्या की त्याचं त्यांनाही ठाऊक नाही. त्याला लेक नव्हती. त्याच्या बायकोनं त्याचं नाव घेतलं नाही, सुनांना सांगणार कोण? त्याच्यासाठी त्या फक्त घागर ठेवायच्या.

घरी आल्यावर घरधनी म्हणाले, उद्याच पाथरवटाला बोलावतो, वरची ओळ छिनीनं काढून टाकू, लोक हसतील. भासरे नाही म्हणाले. तीन दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडून होते. मी चहा चौकटीशी ठेवायचे तो तसाच राहायचा. चौथ्या दिवशी त्यांनी कागद मागवला. वर एक ओळ कोरी सोडली, खाली बाकीची नावं लिहिली. आणि स्वतःच्या नावाच्या आधी, ओळीत, बहिणीचं लिहिलं, जी न लावता. मला चौकटीआडून म्हणाले, “ते असती तं तुमाले आल्याबरोबर सगळे नावं सांगतली असती.”

आमच्या दोघांतलं ते सगळ्यात लांब बोलणं.

दसऱ्यानंतर ते गेले. कापूस वेचणीला आला होता. गावातले बाप्ये अर्धे वावरात, अर्धे मयतीच्या धावपळीत, काय काय झालं ते मला धड आठवत नाही. बाई रडल्या नाहीत. तेराव्यानंतर पाथरवट आला. दगडावर वरची ओळ तशीच होती, खाली जागा सोडली होती, तिथं भासऱ्यांचं नाव घालायचं होतं. माझे घरधनी त्या दिवशी कापसाची गाडी घेऊन गेलेले. कागद त्यांच्या पेटीत, पेटीला कुलूप.

पाथरवट बांधावर बसून छिनीला धार लावत होता. त्यानं मला विचारलं, काय नाव लिहायचं बाई? मी पदर डोईवर ओढून उभी राहिले. सांगता येत होतं का मला? भासरे ते. जन्मभर मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, आता मेल्यावर कसं घेऊ? मी म्हटलं, थांबा जरा, घरधनी येऊ द्या. तो म्हणाला, मला संध्याकाळच्या आत तळेगावला परतायचं आहे.

बाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्या पुढं झाल्या आणि त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावाशिवाय, जसं वावराकडं तोंड करून हाक मारायच्या तसं. पण आवाज फार हळू निघाला. पाथरवटाला ऐकू आलं नाही. त्यानं छिनी खाली ठेवून कानामागं हात धरला आणि पुन्हा सांगा म्हणाला.

बाईंनी पुन्हा सांगितलं.