शेजारच्या लूमवाल्याचे ओठ

२०१९ साल, माझं वय एकाहत्तर. आमची कपडा मिल बंद पडून जमाना झालेला. बाहेरगावची एक कलाकार बाई तिथल्या बुनाई खात्यात पडदे टांगत होती. लूम भंगारात गेलेले, फरशीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. ती भोकं मोजून, जिथे ज्याचा लूम तिथेच त्याचा पडदा. त्यावर फिल्ममधला तो माणूस उभा, हलता, बरोबर त्याच्या उंचीचा. उन्हाळ्यात तिने एका ओळीत लूम चालवलेल्या आम्हा तिघांचं शूटिंग केलं. म्हणाली, "अंकल, जो मन में आए बोलिए. आवाज नहीं ले रही, जगह बोलेगी." मी म्हटलं, मग मी तोंडच उघडत नाही. नाहीच उघडलं.

शेजारचा लूमवाला मात्र बोलला. दिवाळीआधी तो वारला. म्हणून पडदे चालू झाले त्या संध्याकाळी त्याची बायको माझ्या बाजूला बसली होती.

चालत्या खात्यात कानाला काय ऐकू येणार? आम्ही ओठ वाचायचो. वीस वर्षं वाचले. पडद्यावर तो माझ्या जागेकडे तोंड करून बोलत होता: "ह्याचा लूम मी चालू केला. हा आत हात घालून सूत काढत होता. मी बघितलंच नाही. मग घाबरलो."

त्या दिवशी माझी तीन बोटं गेली. मिलच्या कागदावर लिहिलं, कारीगराची स्वतःची गफलत, कोपर चालू करायच्या हँडलला लागलं. लूम काढून हातात झाडू दिला. नाही लागलं हो माझं कोपर, हे मी सांगून सांगून थकलो. माझी बायको मरेपर्यंत म्हणायची, जरा ध्यान दिलं असतं तर.

"काय म्हणतायत हो हे, भाऊजी?" त्याच्या बायकोने डोळे पुसत विचारलं.

दुसरा कोणी काहीतरी गोड सांगून मोकळा झाला असता. मी शब्दाला शब्द सांगितलं.

तिचा पदर थांबला. "आवाज कुठंय यात? मेलेल्या माणसाच्या तोंडात काहीपण घालता?"

"ओठ बघ ना त्याचे!"

"इतकी वर्षं तुम्हाला दोष द्यायला कोणीतरी पाहिजेच होता, भाऊजी. आता हे सापडले. माझ्या दारात पाय ठेवू नका."

ती गेली. कलाकार बाईला सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला. "अंकल, साउंड तो है ही नहीं." फिल्म संपली की पुन्हा लागायची. तो पुन्हा कबूल करायचा, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. पडदे रविवारपर्यंतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देपालपूरची पहिली बस पकडली. आमच्यातला तिसरा तिथे मुलीकडे राहतो. त्याच्या डोळ्यांना आता कमी दिसतं, असं ऐकलं होतं. तरी पडद्यावरचे ओठ वाचायला त्याला घेऊनच येणार होतो, तिच्या दारावरून.