सुनेनं रिवॉल्वर निवडलं

बायांनो, आज दुपारी मी सुनेबरोबर बंदुकीच्या दुकानात जाऊन आले. हसू नका. लायसन तिच्या नावाचं हाय. रविवारी ती रेंजवर कागदाच्या गोलावर नेम धरते. आता तिला स्वतःचं छोटं, परवडेल असं बावीस बोरचं रिवॉल्वर पायजे होतं.

माझा लेक सोबत आला, तिथंच घोळ झाला. त्याला मोठं, चमकनारं पायजे. "आई, आपन शिरवणे गावची मानसं. हलदीला कमरेला दिसलं पायजे."

"मग कमरेला घंटा बांध, लांबून ऐकू पन येशील," मी म्हनाले. "नेम तू धरतोस का ती?"

सुनेनं मोठं उचललं तर मनगट खाली गेलं. मग दुकानदारानं एक छोटं, काळपट, रिकामं रिवॉल्वर तिच्या हातात दिलं. "डोळे मिटून हात भिंतीवरच्या ठिपक्याकडं उचला, मग डोळे उघडा."

तिनं डोळे मिटले. खाडीत भरतीचं पानी चढतं ना, आवाज न करता, तसा हात वर गेला. दुकान, रस्ता, माझा बडबड्या लेक, सगळं लांब गेल्यासारखं झालं. मला पन.

डोळे उघडले तर नळी बरोबर ठिपक्यावर.

"हेच," ती म्हनाली. नवऱ्याकडं बघितलं पन नाय.

येताना गाडीत लेक फुगलेला. सून खिडकीतून एक डोळा बारीक करून खाडीपलीकडं बघत होती. मी तिला हाक मारली नाय.

तुमच्या घरातली सून असं "हेच" कधी म्हनाली होती, आठवतंय का कुनाला?